घासलेले नऊ रुपये

मला मळलेली वस्तू बघवत नाही. हा गुण आहे असं मी मानते आणि हा रोग आहे असं आमचे हे मानतात. हे म्हणजे भारतराव, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. लग्नाच्या आठव्या दिवशी मी त्यांच्या सायकलची घंटी चिंच आणि राखेने इतकी घासली की तिचा मुलामाच उतरला. आतलं पत्र्याचं सत्य बघून ते एवढंच म्हणाले, "मालन, वाजत होती ती." तेव्हापासून ते आपल्या वस्तू माझ्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवतात. पण गावाने ती काळजी घेतली नाही, आणि म्हणून पुढचा सगळा घोटाळा झाला.

साल शहाऐंशी. पावसाने सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. आमचं गाव नेकनूरच्या आत तीन मैल. गावात टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, आणि यायचा म्हणजे त्याच्या मनात असेल तर. अशात आमची बायकांची दूध सोसायटी कशीबशी तग धरून होती. नऊ सभासद, अकरा म्हशी आणि एक सेक्रेटरी. सेक्रेटरी मी, कारण सातवी पास झालेली मी एकटीच. चेअरमन ताराबाई, कारण खुर्ची तिच्या घरची.

दूध संघाची गाडी रोज सकाळी फाट्यावरून आत यायची ती एका अटीवर. चाळीस लिटर भरलं तर येऊ, नाही तर परभारे जाऊ. आणि गाडीबरोबरच कडबा आणि पेंड यायची, म्हणजे गाडी सुटली की म्हशी सुटल्या. तेवढ्यात चौसाळ्याच्या हॉटेलवाल्यांनी मोटारसायकलीवर माणसं पाठवायला सुरुवात केली. दुष्काळात माणूस जेवण कमी करतो, चहा कमी करत नाही. दीडपट भाव, तोही हातावर. एकदोघींची चुळबुळ सुरू झाली. अशा दोन बायका जरी तिकडे वळल्या असत्या तरी चाळीसचा आकडा गाठणं कठीण होतं.

तेव्हा भिमामावशीने बोलीची आठवण काढली. भिमामावशी साठीची, धारूरकडच्या डोंगरातून बारा वर्षांची असताना आमच्या गावात सून म्हणून आलेली. दोन म्हशी तिच्या, अकरा लिटर दूध तिचं, आणि सोसायटीत शेवटचा शब्दही तिचाच. ती म्हणाली, "आमच्या वक्ताला हिरीवर पान्याच्या पाळ्या ठरायच्या तवा हरेकानं आपल्या जिवाची एक चीज मदी ठिवायची. शबूद मोडला की चीज गेली. तसं करा. वरीसभर दूध सोसायटीलाच."

जिवाची चीज म्हणजे काय, यावर फार चर्चा झाली नाही. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात निजामाच्या वेळचा एखादा हाली रुपया असायचाच. चांदीचा, मधे चारमिनार कोरलेला. बाजारातून तो कधीच गेला होता, पण पेटीतून, गाडग्यातून, गाठोड्यातून गेला नव्हता. संध्याकाळपर्यंत डालड्याच्या रिकाम्या डब्यात नऊ रुपये पडले.

मी शिस्तीची बाई. म्हटलं, प्रत्येक रुपयाला नावाची चिठ्ठी बांधू. भिमामावशीला राग आला. "कावून? माजा रुपाया मला वळखू येत न्हाई व्हय? तुज्या पोराच्या गळ्यात तू चिठ्ठी बांधतीस का?"

तिचं म्हणणं खरं होतं. नऊ रुपये, पण एकासारखा दुसरा नव्हता. ताराबाईचा चुलीच्या धुराने काळाकुट्ट. कडूबाईचा राखाडी, कडेला तपकिरी. रहेमतबीचा रुपया अंड्यांच्या टोपलीत, भुशात ठेवलेला असायचा, त्यामुळे निळसर काळा, मधेच मोरपिसाची झाक मारणारा. तिचा नवरा फकीर हैदराबादला छापखान्यात होता. त्याने पहिल्या पगारातला नवाकोरा रुपया काढून ठेवला आणि लग्नात पहिल्यांदा तोंड बघताना तिच्या हातावर ठेवला. फकीर जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या चारही पोरांनी दात येताना तो रुपया चघळला होता, आणि हे ती अभिमानाने सांगायची.

आणि भिमामावशीचा. तो तर बघत राहावा असा होता. कडेने वांग्याच्या सालीसारखा जांभळा, आत येता येता हळदीसारखा पिवळा, आणि एका मिनारावर हिरवट ठिपका. तुरीच्या डाळीच्या गाडग्यात, हिंग बांधलेल्या फडक्यात तो पन्नास वर्षं राहिला होता. सासरी निघताना तिच्या आईने तिच्या पदराच्या टोकाला गाठ मारून दिलेला. त्याच वर्षी आई गेली. जर्मनच्या दुसऱ्या लढाईच्या अगोदर, असं भिमामावशी सांगायची. आईचा फोटो नाही, लुगडं नाही, नाव घ्यायला माहेर नाही. होता तो हा रुपया.

मला हे सगळं माहीत होतं, म्हणून तर जास्त लाज वाटते.

वर्ष पुरं झालं. नऊपैकी एकीनेही शब्द मोडला नाही. मृग लागला तरी आभाळ कोरडंच होतं, पण बोली वर्षाची होती, तेव्हा रुपये परत द्यायचं ठरलं. संघातून एक साहेब येणार, त्यांच्या हस्ते समारंभ. सकाळी मी डबा उघडला, रुपये ताटात ओतले आणि माझ्या हाताला खाज सुटली. साहेबासमोर असे काळे ठिक्कर रुपये ठेवायचे? लोक काय म्हणतील, सेक्रेटरी मेली होती काय?

आदल्या दिवशीच टँकर येऊन गेला होता. मी एक अख्खी कळशी घेतली. आधी चिंचेचा कोळ, मग रिठा, मग भारतरावांची दाताची पांढरी पावडर आणि जुना ब्रश. दोन तास घासत होते. पाणी शाईसारखं झालं. ते वाया नको म्हणून अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी ओतलं. रुपये पुसून ताटात मांडले, तर डोळ्याला अंधारी यावी असे लखलखत होते. मी स्वतःवर इतकी खूश झाले की भारतरावांना हाक मारून दाखवलं.

ते ताटावर वाकून म्हणाले, "यातला भिमामावशीचा कोणता?"

मी एक रुपया उचलला, मग दुसरा, आणि दोन्ही परत ठेवले.

समारंभात साहेबांनी भाषण केलं, सहकार म्हणजे काय ते सांगितलं, आणि पहिला रुपया उचलून भिमामावशीच्या हातावर ठेवला. तिने तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला आणि पुन्हा ताटात ठेवला.

"ह्यो माजा न्हाई."

"आजी, सगळे सारखेच आहेत की," साहेब हसून म्हणाले.

"तुमाला समद्या म्हाताऱ्या बी सारख्याच दिसत असतील."

साहेबांनी उरलेला समारंभ ताराबाईवर सोपवला. पण भिमामावशीने परत ठेवलेला बघून एकीनेही रुपया उचलला नाही. नऊ बायका ताटाभोवती उभ्या, आणि ताटातून नऊ अनोळखी रुपये आमच्याकडे बघत होते. मग भिमामावशीने माझ्याकडे मान वळवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला भांडता येतं.

"मालन, कावून घासलंस गं?"

"मावशी, मळले होते."

"मळ न्हवता त्यो. माज्या मायचा हात व्हता त्याच्यावर." मग तिने विचारलं, "ते काळं पानी कुटं वतलंस?"

"लिंबाच्या बुडाला."

ती माझ्या अंगणात आली, लिंबापाशी उभी राहिली. जमीन एव्हाना वाळली होती. दुष्काळातली जमीन कळशीभर पाणी किती वेळ ठेवणार? तिने खाली बघितलं आणि घरी गेली. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं मारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिमामावशीचं दूध आलं नाही. मी घागर उचलून तिच्या दारात गेले. ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"हाटेलवाल्याला घातलं का मावशी?" मी भीत भीत विचारलं.

"मी काय तसली बाई हाय? बोली संपली तरी शबूद शबूद हाय. पन जिनं माजी माय घासून टाकली तिच्या मापात मी दूध वतनार न्हाई."

अकरा लिटर दुधाचं तिने काय केलं? वासरांना पाजलं, शेजारच्या पोरांना वाटलं, उरलेल्याचं दही लावून तेही वाटलं. त्या दुष्काळात आमची आळी आठ दिवस ताक पिऊन सुस्त झाली होती. इकडे माझं माप बत्तीस लिटरवर अडलं. गाडीवाल्याने तीन दिवस बघितलं, चौथ्या दिवशी म्हणाला, "बाई, सोमवारपासून आत येत न्हाई. डिझेल बी परवडत न्हाई." ताराबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू खुर्चीसकट मला बाहेर काढणार.

मग मी ते ताट घेऊन घरोघर फिरले. सेक्रेटरीपद, सातवी पास, सगळं पदराखाली झाकलं आणि प्रत्येकीला विचारलं, बाई, रंग सोडून तुझ्या रुपयाला आणखी काय खूण होती? हळूहळू खुणा निघाल्या. ताराबाईच्या रुपयाला माळेत ओवण्यासाठी भोक होतं. एवढं मोठं भोक मला घासताना दिसलं नव्हतं, मळच दिसत होता. कडूबाईचा सोनाराने कडेला छिनून बघितलेला. एकीचा नांगराखाली येऊन वाकलेला. एकीच्या रुपयावर कडी जोडायला दिलेल्या डागाचा टवका. असे सात रुपये घरी गेले.

दोन उरले. एक भिमामावशीचा आणि एक रहेमतबीचा. दोन्हीही गुळगुळीत, दोन्हीही धड. एकाच्या चारमिनारच्या कमानीत एक बारीक अक्षर होतं, दुसऱ्याच्या कमानीत दुसरंच. पण कुणाच्या कमानीत कोणतं होतं हे सांगणार कोण? आयुष्यभर जवळ ठेवून दोघींनी रंग सोडून त्यात कधी काही वाचलं नव्हतं, वाचायला येतही नव्हतं.

रविवारी दुपारी मी आणि रहेमतबी भिमामावशीच्या ओट्यावर बसलो. भारतरावही आले, मला आवरायला. मधे पाटावर दोन रुपये. भिमामावशी माझ्याकडे बघत नव्हती, पण उठूनही जात नव्हती.

रहेमतबी म्हणाली, "भिमा, माझं ऐकती का? तू एक उचल, मी एक उचलते. तुझा पैले कुठं ऱ्हायचा? डाळीत, हिंगाच्या फडक्यात. तिथंच ठिव. मी माझा अंड्यात ठिवते. तुझा असला तर तुझाच रंग धरल. नाई धरला तर आपुन बदलून घेऊ."

भिमामावशी विचारात पडली. आणि मी बोलायला तोंड उघडलं. कारण मला लख्ख दिसत होतं की हे खुळं आहे. रंग रुपयाचा नसतोच, तो गाडग्याचा आणि टोपलीचा असतो. डाळीत हिंगाशेजारी कोणताही रुपया ठेवा, तो जांभळा-पिवळाच होणार. अंड्यात कोणताही ठेवा, तो निळा-काळाच होणार. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण त्याच क्षणी भारतरावांनी माझ्या पायावर पाय दिला, वहाणेसकट. मी "आई गं" म्हणाले आणि गप्प बसले.

भिमामावशीने दोन्ही रुपये तळहातांवर तोलले. मग डाव्या हातातला मुठीत धरला. "ह्यो असंल," म्हणाली. "जरा तसं वाटतंय."

सोमवारी सकाळी ती घागर घेऊन आली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता माझ्या मापात दूध ओतलं. त्रेचाळीस लिटर झालं. गाडी आत आली. मी घागरीआड तोंड लपवून रडले, आणि मग घागर घासायला घेतली.

रंग यायला दोन पावसाळे लागले. अठ्ठ्याऐंशीला तर पाऊसही बरा झाला. मी तेवढ्या काळात महिन्यातून एकदा भिमामावशीकडे डाळ मागायला जायचे. घरात डाळ असली तरी जायचे. आधी रुपया पिवळसर झाला, मग कडेला तांबूस, आणि एक दिवस तिने फडकं सोडलं तर कडेने जांभळा. तिने तो माझ्या डोळ्यांसमोर धरला. "बग! म्हनलं व्हतं का न्हाई, ह्योच माजा! माय परत आली माजी." त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलली. शिव्याही पहिल्यासारख्या दिल्या.

मला वाटलं, संपलं.

नव्वद साली सोसायटीची सभा होती. आता सव्वीस सभासद होत्या, आणि नव्या सुनांना बोलीची गोष्ट सांगावी म्हणून जुन्या नऊ जणींनी आपापले रुपये आणले होते. ताटात पुन्हा नऊ रंग. मी ताटापासून चार हात लांब बसले होते. ताराबाईची तशी आज्ञा होती. त्याच दिवशी रहेमतबीचा भाऊ खाजामियाँ तिला घरच्या एका लग्नासाठी न्यायला आला होता. नेकनूरला त्याचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. रुपये दिसल्यावर त्याने खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि एकेक वाचायला लागला. उर्दू त्याला यायचं.

"ह्याच्यावर हिजरी साल असतंय," तो म्हणाला. "आपा, तुमचा तर लई जुना हाय. तेराशे एकोणतीस. म्हंजे इंग्रजी एकोणीसशे अकरा. शेवटच्या निजामाच्या बापाच्या वक्ताचा." मग त्याने भिमामावशीचा जांभळा रुपया उचलला. "आन हा तेराशे बासष्ट. म्हंजे त्रेचाळीस साल."

भिमामावशी बाहेर दूध मोजत होती. खाजामियाँ चहाला उठला. मी आणि रहेमतबी ताटाकडे बघत राहिलो.

त्रेचाळीस साली तर लढाई ऐन भरात होती. भिमामावशीची आई त्याच्या किती तरी आधी गेलेली. जो रुपया टाकसाळीतून बाहेरच पडला नव्हता, तो ती लेकीच्या पदराला कसा बांधणार?

"फकीर नवाकोरा आणला होता," रहेमतबी हळूच म्हणाली. "त्रेचाळीसचा बरोबर हाय. माझी शादी पंचेचाळीसची."

"म्हणजे मावशीकडचा तुमचा."

"आन तिच्या मायचा माझ्या अंड्यात."

"खाला, बदलू या का गुपचूप?" म्हटलं, आणि म्हणता म्हणताच कळलं की बदलता येणार नाही. रंगावरून ती लगेच ओळखेल. बदलायचे तर दोन्ही आधी पुन्हा घासावे लागतील.

रहेमतबीला माझ्या डोळ्यांत ते दिसलं असावं. "घासायचं नावच काढू नको बघ," ती म्हणाली. मग तिने ताटातल्या जांभळ्या रुपयावर बोट ठेवलं. "तीन वर्सं झाली, ती रोज त्याला मायच्या नावानं हात लावती. आता तो तिच्या मायचाच हाय. सांगून काय करायचं? पुन्हा एकदा मारायची तिची माय?"

"आणि तुमच्या फकीरभाईंचा?"

"त्यो तिच्या डाळीत हाय. जिता व्हता तवा बी तिच्या हातच्या डाळीला पळायचा." ती हसली आणि डोळे पुसले. मी हसलेही आणि रडलेही, आणि दोन्हीही मला मुळीच आवरलं नाही.

तेवढ्यात भिमामावशी ओले हात पदराला पुसत आत आली. "काय झालं गं दोगींला?" म्हणत तिने आपला रुपया उचलला, फडक्यात बांधला, कमरेला खोचला. मग सहज म्हणून रहेमतबीचा उचलला.

"तुजा बी लई चांगला रंगलाय की."

तिने तो उजेडात धरला. अंगठ्याने चारमिनारवरून एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. खाली ठेवावा तर ठेवेना. मुठीत धरला, मूठ छातीशी नेली आणि तशीच उभी राहिली. बाहेर गाडीवाला भोंगा वाजवत होता. नव्या सुना चहाचे कप गोळा करत होत्या. मी ओठ दाताखाली दाबून बसले होते. भारतराव दारातून माझ्याकडे आश्चर्याने बघत होते, कारण मी इतका वेळ गप्प बसलेली त्यांनी कधी बघितली नव्हती.

"काय गं भिमा?" रहेमतबीने विचारलं.

"काय न्हाई," भिमामावशी म्हणाली. "हातात बरा वाटतोय." आणि तिने तो रुपया रहेमतबीच्या तळहातावर ठेवला, सावकाश, झोपलेलं मूल दुसऱ्याच्या हाती द्यावं तसा.

रहेमतबीने मूठ मिटली. "भिमा, दर इतवारी घरी येत जा. अंडी घेऊन जा, आन ह्याला बी भेटून जा."

"रुपायाला काय भेटायचंय, येडी झाली का?"

असं म्हणाली खरी. पण पुढच्या रविवारी गेली, त्याच्या पुढच्याही गेली. सात वर्षांनी भिमामावशी वारली, तोवर तिचा एकही रविवार चुकला नाही, आणि मी त्यातलं एक अक्षर कुणाला बोलले नाही.